नारळ देऊन मागितलेली वाट
काजू भाजल्याचा वास आला की ती पडवी आठवते. माझा पुतण्या नुकताच वकील झाला होता. नव्या वकिलांच्या शिकवणीत साक्षीदाराला प्रश्न कसे विचारायचे ते शिकून येई आणि सराव आमच्यावर करी. "काकी, शेजाऱ्याच्या जमिनीतून बागेत जाणारी वाट कोणाची?" बायको गरम काजू सोलून त्याच्यापुढे ठेवीत म्हणाली, "पूर्वीपासून आमचीच. पण दरवर्षी शेजाऱ्याक नारळ देवन इचारतंव. इचारल्याबिगर जावचा कसा, झिला?" पुढे शेजाऱ्याने वाट अडवली. आम्ही कोर्टात गेलो, तर त्याच्या बाजूने पुतण्याच उभा! "बाई, नारळ देऊन परवानगी मागत होता ना?" काकी म्हणायलाही जीभ वळली नाही त्याची. बायको गोंधळून म्हणाली, "होय रे, तुकाच तर सांगलंय." परवानगी मागितली म्हणजे हक्क नाही, असे ठरले आणि वाट गेली. परवा बायकोच्या बाराव्याला पुतण्या पाया पडायला वाकला. मी पाय ओढून घेतले.