जाऊबाईंची होडी

उमरीजवळच्या आमच्या तलावात जलपर्णी एवढी माजली की पाणी दिसेना. जाळं टाकलं की हाताला नुसत्या मुळ्या यायच्या. तेव्हा मच्छीमार सोसायटीची बैठक बसली. दर होडीला वर्षाचा परवाना, त्याच्या फीतून जलपर्णी काढायची, आणि दुसऱ्या तलावावरून आलेली होडी धुतल्याशिवाय पाण्यात घालायची नाही, असा ठराव मीच मांडला. एक बाई हवी म्हणून मला कमिटीत घेतलं होतं. तोवर मी तिथं तोंड उघडलं नव्हतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. भावजी गेल्यापासून त्यांची होडी त्याच चालवायच्या, गुडघे साथ देतील त्या दिवशी. त्यांनी हळूच विचारलं, "रोज जाणाऱ्याला अन् कधीमधी जाणाऱ्याला एकच फी का?"

"नियम सगळ्यांना सारखाच, अक्का," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. घरच्यांना सूट दिली असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं.

 मतदानाला त्यांनीही हात वर केला.

परवाना त्यांनी काढला नाही. थोड्याच दिवसांनी भोकरकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि होडी विकत घेऊन गेला. मी चुलीपुढं होते. टेम्पोचा आवाज ऐकू येत होता, पण मी बाहेर आले नाही.

पुढं मजूर लावून तलाव साफ केला. मासळी मिळू लागली. आता जाऊबाई आमचीच मासळी विकत घेऊन बाजारात बसतात. मी तोलताना एखादा मासा जास्तीचा टाकते. त्या तो उचलून माझ्या टोपलीत परत ठेवतात.

एकदा न राहवून मी म्हणाले, "अक्का, तवा माझं चुकलं."

"न्हाई बाई. तळं साफ झालं की न्हाई? मग तू बरोबरच केलंस."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

यंदाच्या बैठकीत मी उभी राहिले. एकट्या बाईच्या होडीला निम्मी फी, असा ठराव मांडला. तो मंजूर झाला. घरी येऊन सांगितलं तेव्हा जाऊबाई लसूण सोलत होत्या.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पर आता तळ्यावर एकट्या बाईची होडी हाय कुणाची?"

 मी खाली बसले आणि त्यांच्यापुढच्या पाकळ्या सोलायला घेतल्या.