विमलबाईंच्या पंगतीतून एक मागणं

आदरणीय विमलबाई भोईर यांना यंदा पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवअंकासाठी लिहा, असे आमच्या इतिहास मंडळाने सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. मी मुळातच भित्रा माणूस. त्यात बाईंनी उभा जन्म मुलांच्या वह्या तपासलेल्या. त्यांच्याबद्दल लिहायचे म्हटले की प्रत्येक ओळीखाली लाल रेघ दिसायला लागते. पण खरी भीती याहून मोठी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

पहिली ओळख जेवणावरून झाली. घणसोली गावात आम्ही नुकतीच भाड्याची खोली घेतली होती. दुधाच्या दुकानात कागद चिकटवलेला दिसला: 'गावठाण इतिहास मंडळ. शनिवारी संध्याकाळी सातला शाळेच्या ओट्यावर. भाकरी आपली आणा, कालवण आमचं. जेवताना गोष्ट.' चार चपात्या फडक्यात बांधून गेलो. पंगतीत स्वतः बाई वाढत होत्या. माझ्यासमोर थांबून त्यांनी विचारले, "कुठल्या घरचे?"

"साताऱ्याकडचा. वडील एपीएमसी मार्केटात माथाडी होते."

"मग तुमच्या घरची गोष्ट आमच्यात अजून कोनी सांगितली नाय. पुढच्या वेळी तुमी सांगा."

उरलेल्या चपात्या फडक्यात बांधून मी उठलो. पुढचे दोन महिने मी बाईंच्या आळीतून जाणे सोडले. टॉवरच्या मागून वळसा घालून रिक्षा पकडायचो. अखेर बाईच आमच्या खोलीवर आल्या आणि माझ्याकडे न बघता वडिलांशेजारी जाऊन बसल्या. काही विचारले नाही. चहा पीत नुसत्या बसल्या. घरात चार वाक्ये सलग न बोलणारे माझे वडील त्या दिवशी कांद्याच्या पोत्यांबद्दल बोलायला लागले ते थांबेनात. पुढच्या शनिवारी तेच सगळे त्यांनी पंगतीत सांगितले. मी मागे बसून डोळे पुसत होतो.

मंडळाची रीत बाईंनी घालून दिलेली आहे. ज्या घराची गोष्ट सांगायची, त्या घरी आधी जाऊन विचारायचे आणि त्या घरचे एक तरी माणूस पंगतीला आणायचे. घर नाही म्हणाले तर गोष्ट नाही. मला हा नुसता पाहुणचाराचा भाग वाटत असे.

वडिलांची गोष्ट रंगली तसा मग मीही शेफारलो. पूर्वी खाडीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध घालत आणि त्याला एक दार ठेवत, त्याला उघाडी म्हणत. एका उधाणाच्या वेळी राखणदार उघाडी लावायला गेलाच नाही आणि साऱ्या गावाचे भात खाऱ्या पाण्यात गेले, ही हकिकत मला दोन म्हाताऱ्यांनी सांगितली होती. राखणदाराचे नाव घेऊन, तिखटमीठ लावून मी ती पंगतीत सांगितली. त्या घरी गेलो नव्हतो. राखणदाराचा नातू जयेश पंगतीतच आहे, हेही मला माहीत नव्हते. तो ताट सारून उभा राहिला.

"आमच्या आजाला आळशी बोलनारे तुमी कोन?"

त्याच्यापाठोपाठ आणखी चौघे उठले. माझे पाय लटपटत होते, कबूल करतो. आता मार बसणार आणि मंडळही बंद पडणार, एवढेच डोक्यात होते. बाई हातातला डाव खाली ठेवून आमच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी हाय, जयेश. ह्यांना बोलाया मी उठवलं. मना बोल."

जयेश त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो त्या चौघांना घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला घेऊन त्याच घरी गेल्या. वाटेत मी तीनदा 'उद्या गेलो तर?' असे विचारून पाहिले. त्या पुढेच चालत राहिल्या. जयेशच्या आजी हिराबाय, म्हणजे त्या राखणदाराच्या पत्नी, दारात सुकट निवडत होत्या. बाई म्हणाल्या, "माफी मागाया आलोय." आणि सूप ओढून त्याही निवडायला बसल्या. अर्धे सूप निवडून झाले. मग हिराबायच म्हणाल्या, "त्या दिवशी मी अडलेली. दोन दिस कळा येत व्हत्या. त्यानं माझा हात सोडला नाय. पोर गेला, भात बी गेला. का नाय गेलास, असा कोनी त्याला कधी विचारलाच नाय."

जयेश भिंतीला टेकून ऐकत होता. त्यालाही हे ठाऊक नव्हते. पुढच्या पंगतीत ती गोष्ट हिराबायनी स्वतः सांगितली, आणि रीत कशासाठी आहे ते मला तेव्हा कळले.

आता भीतीचे सांगतो. बाईंचा आवाज काही महिने बसलेला आहे, हे आपण सर्वांनी ऐकलेच आहे. गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर मी हॉस्पिटलात गेलो होतो. घशात गाठ आहे. ऑपरेशन केले तर जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल आणि बोलणे जाईल. नाही केले तर वर्षाचीही खात्री नाही. तारीख घालून दिलेला संमतीचा फॉर्म बाईंनी घडी करून पिशवीत ठेवला. रिक्षात म्हणाल्या, "बोलताच येनार नसेल तं कनाला जगू?"

मी रिक्षावाल्याला उगाच पुन्हा पत्ता सांगितला. बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. आयुष्यात कोणाला न घाबरलेल्या या बाईंना घाबरलेले पाहून माझा उरलासुरला धीर सुटला. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

हे सारे इथे छापायचे म्हणून रीतीप्रमाणे त्यांच्या घरी जाऊन विचारले. म्हणाल्या, "लिवा. पन रडका लिवू नका. आन शतायुषी व्हा बिव्हा नको. बोलती राहो, एवढाच लिवा."

बाई, त्या उघाडीच्या गोष्टीनंतर तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. आज मोडतो आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फॉर्म द्यायला चारच दिवस उरलेले असतील, म्हणून मंडळींच्या देखत बोलतो. माझे वडील बोलले ते तुम्ही गप्प बसलात म्हणून. हिराबायही तशाच बोलल्या. इतकी वर्षे आम्हाला बोलते केले ते तुमच्या ऐकण्याने, आणि तुम्ही मात्र सगळा हिशेब आवाजाचा मांडून बसलात.

डॉक्टरांना मी बाहेर गाठून एकच प्रश्न विचारला होता, ऐकू येईल ना? ते म्हणाले, अगदी पूर्वीसारखे.

तेव्हा खूप जगा, निरोगी जगा, आणि मुक्या होऊन जगावे लागले तर तशाही जगा. तुमच्या जागी बोलायला मी उभा राहीन. पाय लटपटतील, तरी राहीन. तुम्ही फक्त समोर बसा.