संजूला आज लवंगेचा वास आला

मंडळी, आनंदाची बातमी लिहायची म्हणून सकाळपासून मनात घोळवत होते. आता लिहायला बसले तर हात अडतोय.

माझा धाकटा भाऊ संजू इथे हिवरखेडला लोकांच्या कपाशीवर फवारणीच्या मजुरीला जातो. मागच्या हंगामात फवारतानाच चक्कर येऊन पडला. जीव वाचला, पण वास येणं बंद झालं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मेंदूला वास पुन्हा शिकवावा लागतो. रोज दोन वेळा लवंग, लिंबू, गुलाब हुंगायचं आणि तो वास मनात आठवायचा. असं केल्याने हळूहळू मेंदू वास परत ओळखू शकतो.

सहा महिने मी त्याच्या नाकापुढे डब्या धरल्या. आज सकाळी डोळे मिटूनच तो ओरडला, "ताई, हे लवंग हाय!" मी रडलेच.

मग तो कामावर गेला आणि तासाभरात परत आला. ओकून ओकून चेहरा पांढरा पडला होता. पंपात फवारणीचं औषध ओततानाच त्याला त्या औषधाचा वास आला होता.

"मालक म्हंते, जमत नसन तं दुसरा मानूस पाहतो. वास येत नव्हता तेच बरं होतं. मले आता काही शिकवू नको, ताई."

मी म्हटलं, "अरे, वास आला म्हणून तर विष समजलं तुला."

"समजते ना. पन समजून करू काय?"

उद्या तो पुन्हा फवारायला जाणार आहे. तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?