टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आजही सांगितलं नसतं — पण सकाळी तेलाच्या नव्या डब्याला एकच भोक पाडून मी तो उलटा धरला. तेल येईना. दुकानदाराला दोन शिव्याही हासडून झाल्या. बायकोनं येऊन खिळ्यानं दुसरं भोक पाडलं — हवा आत गेली, तेल भळाभळा आलं. ती हसली. मला घाम फुटला.

कारण हीच चूक मी भरल्या कृष्णेत, मधोमध केली होती.

सहासष्ट सालची गोष्ट. अधिक श्रावण. धोंड्याचा महिना म्हणून सासुरवाडीनं नव्या जावयाला टेरिलीनची पँट शिवलेली. मेहुण्यानं — बायकोच्या थोरल्या भावानं — मिरजेच्या भंगारातून नावेचं जुनं इंजिन आणलं होतं. फौजेत शिकलेला माणूस. ते दुरुस्त करून नावेला लावलं आणि त्यावर माणसं पलीकडं न्यायचा. "हितं बसा दाजी, पाणी उडायचं न्हाई," म्हणत त्यानं मला मानानं इंजिनाशेजारी बसवलं.

पाणी नाही उडालं. पेट्रोल उडालं — टाकीच्या झाकणावर हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून. थेट पँटीवर! मी काय केलं? गुपचूप त्यावरचा स्क्रू पिळून भोकच बंद केलं.

मधोमध इंजिन आचके देत बंद पडलं. हवाच नाही, तर पेट्रोल उतरणार कसं? मेहुणा दोरी ओढतोय, प्लग पुसतोय, नळी फुंकतोय — नाव वाहतेय, बायका रडताहेत. आणि मी? पँट सावरून बसलोय!

वल्ही मारून कशीबशी नाव काठाला लागली. त्याची पाठ वळताच मी स्क्रू सैल केला. इंजिन एका ओढीत सुरू. मेहुण्यानं झाकणाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"आता बरं चाललं! पेट्रोलात रॉकेल घालतोस व्हय रं?" कुणीतरी त्याच्यावर ओरडलं.

इथं तरी तोंड उघडायचं की नाही? उघडलं. म्हणालो, "वास तर रॉकेलचाच येत होता."

संताप येतो तो याचा — एकानं टाकी हुंगूनसुद्धा पाहिली नाही! जावई बोलला ना, झालं. त्याचा शब्द कोण खाली पडू देणार? आग लागो असल्या मानाला — आणि तो मिरवणाऱ्या मला आधी. त्या नावेत पुन्हा कुणी चढलं नाही. इंजिन परत भंगारात गेलं, मेहुणा माधवनगरच्या गिरणीत. मरेपर्यंत दर दिवाळीला त्यानं माझा मान मात्र चुकवला नाही.

आज हे सगळं बायकोला सांगितलं. डबा पुसता पुसता तिचा हात थांबला.

"आवं, दादाला तवाच ठावं हुतं," ती म्हणाली. "मला म्हणाला, 'जावई हाय, गप ऱ्हा.' मी गप ऱ्हायले. ते लय चुकलं माझं."