दहा मिनिटांची टाकी

यवतमाळात गाडीचं मायलेज कोणी विचारत नाही. 'अ‍ॅव्हरेज काय देते?' असं विचारतात. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत माझ्या गॅरेजवाल्या मित्राकडे लोक यायचे ते एवढ्यासाठीच, की कार्बोरेटरचा स्क्रू आवळून दे, पेट्रोल कमी पिऊ दे. मोठी दुरुस्ती कोणी काढतच नव्हतं.

त्याच्याकडे नायट्रो इंधनावर चालणारी हातभर लांबीची रिमोटची गाडी होती. कापसातून सरकी काढणारी एक जिनिंग कापसाविना ओस पडली होती. तिच्या आवारात ट्रॅक करायचा, भाड्याने गाड्या फिरवायला द्यायच्या, हा त्याचा शेवटचा बेत. नाहीतर पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत नोकरी. जिनिंगचा मालक तयार झाला, पण आधी परीक्षा. आवारात कापूस परिषद भरणार होती. पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत गाडीने झेंडा लावून व्यासपीठाभोवती फिरत राहायचं.

"टाकी दहा मिनिटांची हाये, शेठ. मधात भरा लागते."

"पाहुण्यासमोर बाटली काढशीन तू? बरं दिसते काय?"

मित्राने सवयीने गाडीच्या कार्बोरेटरची सुई आवळली. टाकी जवळपास दुप्पट पुरली. मागून निघणारा निळा धूरही थांबला.

"पाहा सर, धूर गेला. इंजिन खुश झालं!"

मी कॉलेजात शिकवायचो, त्यामुळे न कळताही मान डोलावण्याचा सराव होता. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. ते इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन तोडलं की ऑइलही तुटतं, आणि तो धूर ही ऑइल पोचत असल्याची खूण, हे आम्हाला नंतर कळलं.

परिषदेत पाहुणे शेतीचा खर्च कमी करण्याचे फायदे सांगत होते. कापसाच्या भावावर यायला त्यांना अजून अवकाश होता. गाडीचा आवाज चिरका होत गेला. मित्राचा चेहरा उतरला. मग व्यासपीठासमोरच ती गपकन थांबली. झेंडा तेवढा हलत राहिला. पाहुण्यांना ती सलामी वाटली. त्यांनी हात जोडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मालकाने वाजवल्या नाहीत. "ट्रॅकचं पाहू मग," म्हणाला. आपल्याकडे याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. पिस्टन जागच्या जागी जाम झाला होता.

"नवं मागवता येईल," मी म्हणालो.

"मागवू न, सर. पण चालवाची कुठी?"

त्याने हात पुसले आणि पुण्याची ट्रॅव्हल्स किती वाजता सुटते, ते विचारलं.