एकादशीची चिलापी

उमरग्याहून माकणीच्या धरणावर जायचं ठरलं ते दादाच्या हट्टामुळं, आणि निघायला उशीर झाला तो माझ्यामुळं. पुण्याहून बसनं आलेली मी अंग आंबल्याची तक्रार करत लोळत पडले होते. आवरून बाहेरच्या खोलीत आले तेव्हा आई पूजा आटोपून तीर्थाची पळी घेऊन आली होती. दादानं तीर्थ घेतलं, मी घेतलं. खुर्चीत बसलेल्या अण्णांपाशी मात्र ती थांबली नाही.

दिवाळीनंतर अण्णांच्या अंगावरून लकवा (अर्धांगवायू) गेला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजव्या हाताची मूठ मात्र वळली ती वळलीच. दाबायला सांगितलं तर चांगली जोरात दाबतात, उघडा म्हटलं की बोटं जागची हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, रोज प्रयत्न करा, उघडेल. अण्णा प्रयत्नच करत नाहीत. डाव्या हातावर तीर्थ घ्यायचं नसतं, म्हणून त्यांनी तीर्थच सोडलं. आईनं एकदा पळी तोंडाशी नेली तर कडाडले, "म्या काय तान्हं लेकरू हाय?" तेव्हापासून त्या वेळेला दोघंही दुसरीकडं बघतात.

या माणसानं उभा जन्म तेरणेत गळ टाकला. पाणी बघून तरी हात हलवावासा वाटेल, अशी दादाची आशा. मला ती भाबडी वाटत होती. पण अण्णा "येतो" म्हणाले होते, आणि आजारपणानंतर ते कशाला तरी पहिल्यांदाच "येतो" म्हणाले होते.

हायवेवरचे ट्रक मागं पडले आणि लोहाऱ्याकडचा रस्ता लागला. ज्वारी निघाली होती, कडब्याच्या गंजी रचून झाल्या होत्या, बांधावर एखादाच पळस लालभडक फुललेला. ऊन अजून अंगाला सोसणारं होतं. अण्णा खिडकीतून बघत होते आणि एकेका शेताच्या मालकाचं नाव सांगत होते. त्यातली निम्मी नावं चूक होती, असं दादानं मला नंतर सांगितलं.

धरणाच्या काठावर शिवाभाऊ वाट बघत उभे होते. मासेमारी हा त्यांचा धंदाच, पण हल्ली रविवारी ते हौसेनं आलेल्या मंडळींना गळ टाकायला घेऊन जातात. शर्टाच्या खिशावर त्यांनी ‘गाईड’ असं शिवून घेतलं होतं. "आपल्या गळाला आला न्हाय आसा मासा ह्या धरणात न्हाय, ताई," त्यांनी मला पहिल्याच दमात सांगितलं. पाणी मागं सरकून काठाला भेगाळलेला गाळ पसरला होता. त्यातून वाट काढत त्यांनी आम्हांला बाभळींच्या एका उथळ कोपऱ्यात नेलं. वाटेत दादाची एक चप्पल गाळानं गिळली. ती काढताना दुसरीही गेली.

न्याहारीला डबे उघडले आणि घोटाळा झाला. आमच्या डब्यात भाकरी, ठेचा, पिठलं. आईच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी.

"आई, आज एकादशी हाय?" दादाचा घास हातातच राहिला.

"हाय की."

"मग आधी का न्हाय सांगितलंस? एकादशीला मासे धरायला आलोय आपण!"

आई शांतपणे म्हणाली, "सांगितलं आसतं तर हे घराभाईर पडले आसते का?"

अण्णांचा चेहरा उतरला. मासा त्यांना जीव की प्राण, पण एकादशीला त्यांनी आयुष्यात कधी गळाला हात लावला नव्हता. "चला माघारी," ते म्हणाले. दादानं माझ्याकडं पाहिलं. मला रडूच आलं, आणि राग आला तो कॅलेंडर न बघणाऱ्या आम्हां दोघा शिकलेल्या गाढवांचा.

शिवाभाऊंनी डोकं खाजवलं. त्यांचा रविवारही बुडत होता. "अण्णा, आसं करू. धरायचं आन् सोडायचं. शेरातली लोकं तर मुद्दाम सोडत्यात, इचारा ताईला."

अण्णांनी आईकडं पाहिलं.

"धरल्या हातानं सोडणार आसाल तर माजी ना न्हाय," आई म्हणाली.

शिवाभाऊंनी उथळ पाण्यात प्लास्टिकची खुर्ची मांडली. अण्णा तिच्यात बसले, खुर्चीचा एक पाय गाळात रुतला आणि ते डावीकडं कलले ते कललेच. त्यांच्या मिटल्या मुठीच्या पोकळीत शिवाभाऊंनी बांबूची काठी सरकवली. गळाला कणकेची गोळी लावायची, ती अण्णांनी डाव्या हातानं स्वतः वळली. माझा गळ पहिल्याच फेकीत बाभळीला लागला, दुसऱ्या फेकीत माझ्याच ओढणीला. गाईडसाहेबांच्या गळाला तर त्या दिवशी काहीही लागलं नाही. त्याचं खापर त्यांनी वाऱ्यावर फोडलं.

ऊन तापायला लागलं. बगळे उडाले, पुन्हा बसले. आणि अण्णांच्या दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा एकदम बुडाला.

"आलं!" अण्णा ओरडले. मुठीतली काठी त्यांनी खांद्यानं अशी उचलली की आमच्या पायांवर पाणी उडालं. चिलापी होती (चपटा, पाठीवर काटे असलेला मासा), चांगली तळहाताएवढी. अण्णा हसत होते. तसं हसताना मी त्यांना कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

शिवाभाऊंनी गळ सोडवला आणि काठी काढून मासा शेपटीकडून त्याच मुठीत दिला. बोटं त्याच्यावर घट्ट मिटली. अण्णांनी वाकून हात पाण्यात घातला. चिलापी तडफडू लागली.

मूठ उघडेना.

दादा पुढं झाला. "थांब, म्या काढतो बोटं."

"हात लावू नकु," आई म्हणाली. ती लुगडं सावरत पाण्यात उतरली होती. खुर्चीशेजारी उभी राहून तिनं फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णांच्या कपाळावरची शीर फुगली होती. "सुट की गं," ते पुटपुटत होते, माशाला की बोटांना कुणास ठाऊक. आधी करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. पाणी गढूळ झालं होतं, नीट दिसत नव्हतं. चिलापी निसटली तेव्हा आम्हांला फक्त तिनं मारलेला फटका दिसला. अण्णांनी हात वर काढला. बोटं अर्धवट उघडलेली होती आणि तळहातावर दोन खवले चिकटले होते.

परतताना दादा अनवाणीच होता. धरणावर जाऊन रिकाम्या हातानं परत येणारे आमच्यासारखे आम्हीच, अशी दादाची चेष्टा करायचं माझ्या मनात होतं, पण करवली नाही. उपास, तिथ्या, सोवळं यांना मी पुण्यात बसून हसत आले आहे. पण मासा घरी न्यायची मुभा असती, तर तो मुठीतून टोपलीत गेला असता आणि ती मूठ कुणीतरी दुसऱ्यानंच सोडवली असती.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पुण्याची बस धरायची म्हणून मी चपला घालत होते. आई पळी घेऊन बाहेर आली, दादाला तीर्थ दिलं, मला दिलं आणि सवयीनं पुढं निघाली.

"ए," अण्णा म्हणाले.

त्यांनी उजवा हात पुढं केला होता, डाव्या हाताचा टेकू देऊन. बोटं पुरती सरळ नव्हती, पण तळहात दिसत होता. आईनं पळी तिरकी केली. निम्मं तीर्थ बोटांच्या फटींतून फरशीवर सांडलं. उरलेलं अण्णांनी ओठांना लावलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.