लासूरच्या देवळात बायको बसली होती तेव्हा

बायको जाऊन वर्ष होऊन गेलं. घरी येणारे अजून म्हणतात, "बाबा, तुमी तिले सुखात ठेवलं. राजवाडे दाखवले, देवळं दाखवली." मी मान हलवतो. खरं तर मी तिला काही दाखवलं नाही, तिनंच मला फिरवलं. त्या फेरीत ती मनापासून खूश होती की खूश असल्यासारखं करत होती, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं.

तेव्हा राज्य इंग्रजाचं होतं आणि आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. भातकुलीच्या वाटेवर मोठ्या भावाचा आणि माझा एकत्र मळा. वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, झेंडू, शेवंती. सगळा माल अमरावतीच्या बाजारात जायचा. मला एकच पोरगी. तिला रिद्धपूरकडून स्थळ आलं. जमीन काळी, माणसं शांत, पण घर महानुभाव पंथाचं. त्यांच्यात देवीपुढं डोकं ठेवत नाहीत, ओटी नाही, नवस नाही. आमच्या घरी नवरात्रात अंबादेवीची ओटी भरल्याशिवाय बाई जेवत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, देणार नाही. पोरगी तिकडं गेली की आमची देवी तिला सुटली.

भाऊ उठून मळ्यात गेला. बायकोनं चुलीपासून विचारलं, "दारूले तर शिवत नाई म्हनतात ते लोकं?"

"नाई शिवत."

"मंग?"

"मंग काय? इषय संपला."

तिच्या माहेरी दारूनं काय केलं होतं ते मला माहीत होतं. तरी मी ऐकलं नाही.

पुढं काही दिवसांनी तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडं काही मागितलं. तिचा भाऊ, म्हणजे माझा साळा, एका कापसाच्या सेठची लॉरी चालवायचा. त्याची फेरी इलिचपूर, दर्यापूर करत अकोल्याकडं जाणार होती. ती म्हणाली, "अवो, मले राजवाडे पाहाचे हायेत. लोकं कुठून कुठून येतात, अन् आपन इथंच राहून पाह्यले नाई."

"मळ्याचं पानी?"

"भासरे पाहातीन." भासरे म्हणजे माझा भाऊ. तोही लगेच म्हणाला, "जा ना गड्या. मी हावो ना इथं." मला बरं वाटलं. भाऊ असावा तर असा, असंही वाटलं.

लॉरीत पुढं आम्ही तिघं. इलिचपूरला नवाबाचा जुना महाल पाहिला. भिंती उभ्या, आत गवत, कमानीत कबुतरं. ती प्रत्येक खोलीत जाऊन वर पाहायची. "इथल्या राण्या पानी कुठून आनत असतीन?"

"राण्या पानी आनत नाई, मांगतात."

"मंग मी राणीच व्हाले पाह्यजे होतं. तुमी भरलं असतं पानी."

साळा हसला. "भाऊजी, फसले तुमी आज."

पुढं हौज कटोरा पाहिला, तलावाच्या मधोमध उभा अष्टकोनी मनोरा. तलावात पाणी नव्हतं. तिथंच बसून आम्ही भाकर आणि झुणका खाल्ला. कांदा तिनं माझ्यासाठी बुक्कीनं फोडला.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरजवळ लासूरचं देऊळ लागलं. सगळं काळ्या दगडाचं. मंडपाला मधे छप्परच नाही, वर गोल आभाळ दिसतं आणि ऊन तसंच गोल खाली फरशीवर पडतं. ती जाऊन त्या उन्हात बसली. मी म्हटलं, "तापशीन."

"तापू द्या. इथं कोनी काम सांगत नाई मले."

तिथंच लॉरी बिघडली. साळ्यानं झाकण उघडलं, डोकं खाजवलं, म्हणाला, सामान अकोल्यावरून यावं लागते. दिवस गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. लिंबाखाली बसलो, तिनं माझ्या टाचेतला काटा काढला. इतकं निवांत आम्ही कधी बसलोच नव्हतो.

मग अकोल्यापुढं बार्शीटाकळी. तिथं देवीचं पुराणं देऊळ आहे, दगडाची कोरणी अशी की हात लावून पाहावी. तिनं दोन खण काढले, दोन नारळ.

"दोन कावून?"

"एक माही ओटी, एक पोरीची."

तिनं उंबऱ्यावर डोकं ठेवलं ते लवकर उचललं नाही. उठली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, उदबत्तीचा धूर गेला.

घरी आलो तर अंगणात सतरंजी अंथरलेली, सुपारीचे तुकडे, कुंकू सांडलेलं. भावजयीनं माझ्या हातावर साखर ठेवली. "तोंड गोड करा भाऊजी. पोरीची सुपारी फुटली."

"कोनासंग?"

"रिद्धपूरवाल्यासंग."

आमच्यात घरच्या वडीलधाऱ्यानं पाच माणसांत सुपारी फोडली की तो बापाचाही शब्द. ती मोडायची तर भावाची मान खाली घालावी लागते. भावाला हे माहीत होतं, म्हणून तर मी गावात नसताना फोडली. मी बायकोकडं पाहिलं. ती साखर खात होती.

"तुले मालूम होतं?"

"होतं."

"अन् लॉरी?"

"लॉरीले काई झालं नवतं."

दुसरी ओटी कशाची ते तेव्हा उमगलं. पोरीला पुढं देवीपुढं जाता येणार नाही, म्हणून तिची शेवटची ओटी आई भरून आली होती.

"मले सांगता आलं नसतं?"

"तुमी हो म्हनले असते?"

"नाई."

"मंग."

लग्न झालं. मी पाटावर बसलो, कन्यादान केलं. पोरगी सुखात आहे. लोक मला ते सांगायला येतात, जसं काही पोरगी दुःखात असावी अशी माझी इच्छा होती. भावाशी मी बोलणं सोडलं, ते सोपं होतं. बायकोशी कसं सोडणार, एका घरात, एका चुलीवर? बोलत राहिलो. फक्त त्या फेरीचं नाव ना मी काढलं, ना तिनं. लासूरच्या उन्हात ती स्वतःसाठी बसली होती की माझा दिवस काढायला, हे विचारायचं तोंडावर यायचं आणि मी गिळायचो. ती म्हणाली असती "दिवस काढाले", तर माझ्याजवळ काय उरलं असतं?

तिच्या तेरवीला साळा आला. जेवणं झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"लासूरले लॉरी थांबवाची, हे कोनं ठरवलं होतं? माह्या भावानं?"

त्यानं सुपारी कातरून तोंडात टाकली. "तुमच्या भावानं म्हटलं होतं, एक दिवस जास्त लाव. कुठं लावाचा ते नवतं सांगतलं. जागा माह्या बहिनीनं सांगतली."

"कावून तीच जागा?"

"मी नाई इचारलं भाऊजी. मले वाटलं तुमाले मालूम असन."